भेटलेलीं माणसें

मासिकांच्या पानांवर आणि दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांतून एका विशिष्ट जातीचा लेख गेलीं कित्येक वर्षें नेमानें येत आहे. त्यास व्यक्तिचित्र म्हणावें तर तो तितका भरींव नसतो; लघुनिबंध म्हणावा तर त्यांत विचारापेक्षां हुंदकाच अधिक असतो; आणि गोष्ट म्हणावी तर लेखक हें सारें प्रत्यक्ष घडलेलें आहे असें पुन्हां पुन्हां बजावीत असतो. लेखकास वाटेंत कोणी तरी भेटतें. रिक्षावाला, भाजीवाली, गाडींतला सहप्रवासी, दारावर आलेली बोहारीण, असें तें कोणीहि असतें. आरंभीं हें माणूस अगदीं सामान्य, किंबहुना थोडें उर्मटहि दिसतें. मग एक लहानसा प्रसंग घडतो. विसरलेलें पाकीट परत मिळतें, किंवा ही भाजीवाली आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून शेजारच्या पोरक्या मुलाची फी भरते असें कळतें. आणि लेखक नतमस्तक होऊन घरीं येतो. घरीं येतांच तो लेख लिहावयास बसतो, एवढें त्यांत आम्हीं आमच्या पदरचें घालतों.

हे लेख आम्ही आवडीनें वाचतों, हें प्रथमच सांगितलेलें बरें. घरांतील सर्व माणसांना ते वाचून दाखवितां येतात, कोणाची मान खालीं जात नाहीं, आणि दोन घटका मन प्रसन्न राहतें. वाङ्मयानें याहून अधिक कांहीं केलेंच पाहिजे असा कायदा नाहीं. तथापि माणसाच्या अंतरंगांतलें अनपेक्षित सत्य दाखविल्याचा दावा जेथें केला जातो, तेथें तें सत्य नेमकें कोणाचें, हें विचारण्याचा अधिकार टीकाकारास आहे.

रिक्षावाल्यानें पाकीट परत केलें याचें नवल वाटावयास, तो तें परत करणार नाहीं असें आधीं मनांत धरलेलें असावें लागतें. बँकेच्या व्यवस्थापकानें एखाद्याचें विसरलेलें पाकीट परत केलें तर त्यावर कोणी लेख लिहीत नाहीं. म्हणजे लेखाचा सारा डोलारा एका न लिहिलेल्या शब्दावर उभा असतो, आणि तो शब्द 'असूनहि' हा होय. रिक्षावाला असूनहि प्रामाणिक. भाजीवाली असूनहि उदार. अडाणी असूनहि शहाणा. भेटलेल्या माणसाविषयीं या लेखांत आपणांस फारच थोडें कळतें. भेटणारा घरून निघतांना कोणत्या समजुती खिशांत घालून निघाला होता, तें मात्र पुष्कळच कळतें, आणि दुर्दैव असें कीं, तें आपण सांगत आहों याचा लेखकास पत्ता नसतो.

आमच्या मतें या प्रकारांतील चांगलें आणि वाईट यांची परीक्षा येथेंच होते. वाईट लेखांत लेखक आपली पूर्वकल्पना झांकून ठेवतो आणि नवल तेवढें दाखवितो. चांगल्या लेखांत ती पूर्वकल्पनाच प्रथम उजेडांत येते, आणि मग जें दिसतें त्याला नवल हें नांव पुरत नाहीं.

या लेखांचें कूळ शोधूं गेलें तर तें १९३० नंतरच्या दशकांतल्या लघुनिबंधापाशीं जाऊन पोहोंचतें. ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ सालीं निघाल्या, अनंत काणेकरांचीं 'पिकलीं पानें' १९३४ सालीं. खांडेकरहि त्याच सुमारास या प्रांतांत उतरले होते. या मंडळींनीं मराठी गद्यास बैठकीच्या गप्पांचा मोकळेपणा आणून दिला, हें त्यांचें ऋण लहान नव्हे. परंतु त्यांच्या निबंधांत भेटणारा माणूस ही बहुधा एक खुंटी असते. लेखकाच्या मनःस्थितीची शाल तिच्यावर अडकविली कीं तिचें काम संपलें. खुंटी सागाची कीं बाभळीची, याची चौकशी तेथें कोणी करीत नाहीं. आजच्या भेटीगाठींच्या लेखानें या लघुनिबंधापासून खुंटी घेतली. शाल मात्र तितकी तलम राहिली नाहीं.

त्याच वर्षांत, १९३४ ते १९३६ या काळांत, भागाभागांनीं एक निराळेंच पुस्तक प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयीं आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं नवीन कांहीं सांगणें कठीण; पण प्रस्तुत दृष्टीनें त्यांतील एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोंवळें वाचकांच्या स्मरणांत असेलच. १८५७ च्या धामधुमींत कुटुंबांतील एका वडीलधाऱ्या पुरुषास फांशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर या गृहस्थांच्या धुण्यापुसण्यास व विटाळाच्या धास्तीस सीमाच उरली नाहीं. घरांतल्या मुलांनीं त्यापायीं काय काय सोसलें, हें लक्ष्मीबाई हंसत हंसत सांगतात. दुसऱ्या कोणी लेखिकेनें येथें एक तर वडिलांचा उपहास केला असता, नाहीं तर शेवटीं त्यांच्या अंतःकरणांतील प्रेमाचा झरा शोधून काढून डोळ्यांस पदर लावला असता. लक्ष्मीबाई यांपैकीं कांहींच करीत नाहींत. धर्मनिष्ठेच्या आड दडून बसलेलें भय त्या दाखवितात आणि पुढच्या आठवणीकडे वळतात.

याहून मोठी गोष्ट ही कीं, स्वतःस त्या वगळीत नाहींत. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केल्यावर लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें एकत्र आल्यावरहि आपलें सोंवळें त्यांनीं बरेच दिवस जपलें. मग तें सुटलें, आणि १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. हें सारें लिहावयास बसल्या तेव्हां मध्यें तीस-पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. त्या जुन्या, दुसऱ्याच्या हातचें पाणी न पिणाऱ्या बाईकडे उंचावरून पाहून हंसणें त्यांना सहज शक्य होतें. त्या तिच्याशेजारीं बसून हंसतात. ज्या विश्वासांत आपण कालपर्यंत राहत होतों तो कसा खरा वाटत होता, हें विसरतां न येणें हा लेखकाचा मोठाच गुण आहे. आणि भेटीगाठींचे लेख लिहिणाऱ्यांत तो फार विरळा.

व्यंकटेश माडगूळकरांचें 'माणदेशी माणसं' १९४९ चें. त्यांतील 'धर्मा रामोशी' हें चित्र पुष्कळांनीं शाळेंतच वाचलेलें असतें, आणि शाळेंत वाचलेल्या गोष्टीचें जें होतें तें त्याचेंहि झालें आहे: सर्वांस तें ठाऊक आहे व फारच थोड्यांस तें दिसतें. म्हातारा, फाटका धर्मा. त्याची दया येऊन घरांतून त्याला एक जुनें धोतर दिलें जातें. पण पुढें तो दिसतो तो पूर्वीच्याच चिंधींत. निवेदकास राग येतो. दिलेलें धोतर हा नेसत कां नाहीं? त्या रागाचें उत्तर शब्दांनीं मिळत नाहीं. तें धोतर धर्माच्या तरण्या लेकीच्या अंगावर, लुगड्यासारखें नेसलेलें, दिसतें.

येथें तो राग महत्त्वाचा आहे. माडगूळकरांनीं तो गाळला असता तर उरला असता एक दारिद्र्याचा करुण देखावा, आणि आपण हळहळून पान उलटलें असतें. परंतु निवेदकाच्या त्या त्राग्यांत वाचकाचा स्वतःचा त्रागा मिसळलेला आहे. दान देणाऱ्याची एक अपेक्षा असते कीं, घेणाऱ्यानें तें आपल्या डोळ्यांदेखत वापरावें. आणि ती अपेक्षा किती अज्ञानाची आहे, हें त्या धोतरानें एका क्षणांत उघडें पाडलें. लेखक नतमस्तक झाल्याचें सांगत नाहीं. त्यास तेवढी सवडच मिळत नाहीं.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली'विषयीं (१९६२) थोडें भीत भीतच लिहावें लागतें, कारण त्या पुस्तकावर महाराष्ट्राचें प्रेम आहे व तें योग्यच आहे. अंतू बर्वा हा त्यांतला मुकुटमणि. जिभेवर जहर, आणि परदेशीं निघालेल्या लेखकाच्या हातीं अंगाऱ्याची पुडी ठेवणारा हात. पुलंच्या हातीं हें चित्र तोललेलें आहे, कारण अंतूशेटचा तिखटपणा हें वरचें साल आणि माया हा आंतला गाभा, अशी सोपी फोड ते करीत नाहींत. त्या माणसाचें दारिद्र्य, त्याची विद्वत्ता, त्याचा एकाकीपणा हीं सारीं त्या तिखटांतच कालवलेलीं आहेत. पण पुढच्या पिढीनें उचलली ती फोडच. वरून फणस, आंतून गरे! या एका उपमेवर कोंकणांतल्या किती म्हाताऱ्यांचीं चित्रें आजवर निघालीं असतील, कोण जाणे. बिचाऱ्या फणसाला तरी त्याचा कंटाळा आला असेल.

आतां वसईकडे वळूं. कारण हा सारा विषय आम्हांस सुचला तो वसईवरूनच.

घाटावरच्या सुशिक्षित मराठी कुटुंबास वसई म्हटलें कीं किल्ला आठवतो. १५३४ पासून दोनशें वर्षें तेथें पोर्तुगीजांचा अंमल होता, १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं तो किल्ला घेतला, आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत एक आहे, वाईजवळ मेणवलीस एक आहे. इतिहासाच्या पुस्तकांत याच्या पुढें १८०२ चा वसईचा तह येतो, आणि तेथें वसई संपते. ज्या माणसांच्या कानांवर त्या घंटा रोज पडत होत्या त्यांचें घंटा गेल्यावर काय झालें, हा प्रश्न आमच्या शाळेंत कोणी विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

तीं माणसें तेथेंच आहेत. वसई स्थानकावर उतरून पश्चिमेस पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी असें जावें. इमारतींच्या रांगा मागें पडतात आणि अजून शिल्लक असलेल्या वाड्या लागतात. केळीं, पानवेली, वाडीच्या कडेला पाण्याचें बावखल, आणि थंडी सरतां सरतां आगाशीकडे राजेळी केळ्यांचीं सुकेळीं उन्हांत घातलेलीं. येथें कुपारी ख्रिस्ती आहेत, वाडवळ आहेत, कोळी, भंडारी, आगरी आहेत. पूर्वेच्या डोंगराकडे वारली आहेत. कुपारी ख्रिस्ती ज्या बोलींत घरीं बोलतात ती कादोडी. तीस सामवेदी असेंहि म्हणतात, कारण शेजारचे सामवेदी ब्राह्मण घरीं तीच बोली बोलतात. धर्म बदलून चार-साडेचार शतकें झालीं; चुलीपाशींची भाषा दोन्ही घरीं एकच राहिली.

या गांवांत घाटावरचा पाहुणा येतो. लाल लुगड्यांतली, गळ्यांत क्रूस घातलेली एक म्हातारी त्याला पाणी देते, बसावयास सांगते, केळ्यांचा भाव सांगते. पाहुणा प्रसन्न होतो आणि मनापासून म्हणतो, "आजी, तुम्ही मराठी किती छान बोलतां!"

या वाक्यांत दुष्टपणा मुळींच नाहीं; म्हणूनच तें तपासून पाहण्यासारखें आहे. नाशिकच्या म्हातारीस असें कोणी म्हणत नाहीं. ही स्तुति करावयास, मराठी ही आमची व ती तुम्ही शिकून घेतलेली, असें आधीं ठरलेलें असावें लागतें. म्हातारी हंसते व उत्तर देत नाहीं, कारण तिनें हें पुष्कळदां ऐकलेलें आहे. पाहुणा परत जाऊन लेख लिहितो. वसईला किल्ल्याशिवाय असेंहि कांहीं आहे, ख्रिस्ती असूनहि हे लोक मराठी आहेत, असें त्यांत तो आनंदानें नमूद करतो. येथें तो 'असूनहि' उघडच लिहिला जातो; लपविण्याची गरजहि वाटत नाहीं.

वास्तविक या नवलास फार उशीर झालेला आहे. फादर स्टीफन्सचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें. अकरा हजारांच्या घरांत ओव्या, आणि मराठीच्या गोडीचें प्रेमानें केलेलें वर्णन. मराठींतली पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतलें जातें ती 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी या ख्रिस्ती गृहस्थांची. रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांचें तर घरच मराठी काव्याचें. चारशें वर्षें जें चालत आलें त्याचें दर पिढीस नव्यानें आश्चर्य वाटावें, हें त्या लोकांविषयीं कांहीं सांगत नाहीं. आमच्या स्मरणशक्तीविषयीं सांगतें.

या स्मरणशक्तीची जाहीर परीक्षा २०१९ च्या सप्टेंबरांत झाली. उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथें भरावयाच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. नंदाखालला १९४२ सालीं जन्मलेला हा वसईचा माणूस. 'सुवार्ता' हें मराठी मासिक त्यांनीं १९८३ पासून २००७ पर्यंत संपादिलें. वसईची हिरवळ व पाणी वांचविण्याच्या चळवळींत ते पुढें उभे राहिले. 'सुबोध बायबल'साठीं त्यांस २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. निवड होतांच कांहीं संघटनांनीं विरोध केला. धर्मगुरु साहित्यिक कसा, असा एक आक्षेप निघाला. संतपरंपरेवर वाढलेल्या भाषेंत हा आक्षेप निघावा, याची गंमत आक्षेपकांच्या लक्षांत आली नसावी. संमेलन २०२० च्या जानेवारींत ठरल्याप्रमाणें झालें. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजीं निवर्तले.

विरोधकांविषयीं आम्हांस येथें फार लिहावयाचें नाहीं; त्यांची भूमिका उघड होती व तिला उत्तरेंहि उघड मिळालीं. आम्हांस खटकली ती समर्थकांची भाषा. कित्येक अभिनंदनपर लेखांचा सूर असा होता कीं, पाहा, हे ख्रिस्ती असूनहि ज्ञानेश्वर-तुकाराम वाचतात, पाहा, ते किती शुद्ध मराठी बोलतात. म्हणजे विरोधकांनीं जी भिंत बांधली तीच समर्थकांनीं गृहीत धरली, आणि तिच्यावरून हात पुढें केला. एका लेखकाच्या लेखनाची चर्चा व्हावयास हवी होती ती झाली नाहीं. आमच्या मतें दिब्रिटोंचें गद्य स्वच्छ आणि प्रेमळ आहे. धर्मोपदेशकाची संवय त्यांच्या लेखणीस पुरती सुटली होती असें मात्र म्हणवत नाहीं, आणि कांहीं ठिकाणीं अनुभव पुरता मांडून होण्यापूर्वींच त्यांतला बोध पुढें येतो. कोणास हें मत पटणार नाहीं. पण एका मराठी लेखकाविषयीं दुसऱ्या मराठी वाचकानें असें मत देणें, हाच खरा आदर होय. 'किती छान बोलतां' हा नव्हे.

याच तालुक्यांत नवलाचा एक चांगला नमुनाहि घडलेला आहे. सोपाऱ्याजवळच्या एका टेकाडास गांवकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें खणलें, तेव्हां आंत विटांचा स्तूप आणि दगडी पेटींत एकांत एक ठेवलेले करंडक सांपडले. पंडितजींनाहि आनंद झाला असेल. पण त्यांनीं आधीं खणलें, मोजलें, टिपून ठेवलें, आणि मग लिहिलें. आमच्या भेटीगाठींच्या लेखकांपैकीं बहुतेकांचा प्रघात याच्या उलट असतो.

आतां गाडीचें पाहूं. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी सुरू झाली. दिवसास जाणारी एक, येणारी एक. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि २०११ च्या गणनेंतच या शहराची वस्ती बारा लाखांहून अधिक भरली होती. गिरणगांव ओसरल्यावर इकडे आलेलीं कुटुंबें, कोंकणांतलीं, देशावरचीं, उत्तरेकडचीं. यांतले लक्षावधि लोक रोज सकाळीं त्या गाडींत चढतात व रात्रीं उतरतात. डब्यांत भजनें होतात, बायकांच्या डब्यांत रात्रीची भाजी निवडली जाते, हळदीकुंकूं होतें. भेटीगाठींच्या लेखास याहून सुपीक जमीन कोणती? आणि तरीहि विरारच्या गाडीवरचे जे लेख आमच्या वाचनांत येतात ते एक तर गर्दीची तक्रार करतात, नाहीं तर त्या गर्दींतल्या माणुसकीचे गोडवे गातात.

एक प्रसंग आम्हीं पाहिला तो असा. संध्याकाळची विरारची जलद गाडी. दाराशीं पन्नाशीचा एक गृहस्थ, खांद्यास डब्याची पिशवी. दादरला एक मुलगा चढला; बोलतां बोलतां समजलें कीं त्यास बोरिवलीस उतरावयाचें आहे. ज्यांनीं हा प्रवास केला आहे त्यांस पुढचें सांगावयास नको. बोरिवलीसाठीं दुसऱ्या गाड्या आहेत, आमच्या गाडींत कशाला शिरतां, म्हणून त्या गृहस्थानें त्याला इतकें घालूनपाडून बोललें, आणि बोरिवली आल्यावर इतकें अडवून धरलें, कीं मुलगा चेंगरत कसाबसा उतरला व त्याची एक चप्पल गाडींतच राहिली. गृहस्थानें ती पायानें बाहेर लोटली. पुढें भाईंदर सुटलें, खाडीचा पूल आला. दाराच्या कडेस लोंबकळणाऱ्या एका दुसऱ्या पोराचा हात सुटूं लागला. त्याच गृहस्थानें त्याच्या कंबरेस हाताचा वेढा घातला, आणि नायगांव येईपर्यंत, हात थरथरूं लागला तरी, सोडला नाहीं. नंतर त्यालाहि एक शिवी दिली आणि वसईस मागें न पाहतां उतरून गेला.

आतां हा प्रसंग आमच्या परिचित लेखकाच्या हातीं दिला तर काय होईल? तो म्हणेल, वरून कसा खडूस, आणि आंतून पाहा! पुन्हां फणस. घटनांचा क्रम त्याच्या सोयीचा आहे. कठोरपणा आधीं आला, दया मागाहून आली, आणि मागाहून आलेलें तें खरें, असा या लेखनप्रकाराचा अलिखित नियम आहे. परंतु सकाळच्या गाडींत खाडी आधीं येते आणि बोरिवली मागाहून. त्याच गृहस्थानें सकाळीं आधीं एकाचे प्राण वांचविले असते व नंतर दुसऱ्याची चप्पल लाथाडली असती, तर आमचा लेखक त्याला ढोंगी म्हणाला असता काय? माणूस तोच, हात तोच; फक्त गाडीची दिशा बदलली. ज्या सत्याचा निकाल गाडीच्या वेळापत्रकावर लागतो त्यास सत्य म्हणावें कीं नाहीं, हें वाचकांनींच पाहावें. आम्हांस त्या गृहस्थाविषयीं एवढेंच निश्चित सांगतां येतें कीं, त्यानें त्या संध्याकाळीं दोन्ही गोष्टी केल्या. एकीनें दुसरी पुसली जात नाहीं. त्या बोरिवलीच्या मुलास तर पुलावरची हकीकत कधींच कळणार नाहीं. त्याच्यापुरता तो गृहस्थ चपलेचाच राहणार.

असें लिहिणें कठीण असतें हें आम्ही जाणतों. वाचकास शेवटीं हातांत कांहीं तरी द्यावेंसें वाटतें, आणि संपादकासहि तसा लेख छापावयास सोपा पडतो. पण धर्मा रामोशाच्या लेकीचें धोतर हातीं घेऊन वाचक इतकीं वर्षें उभाच आहे, आणि त्याची तक्रार नाहीं.

राहतां राहिला भाषेचा प्रश्न. वसईच्या माणसाचें चित्र काढणाऱ्याची खरी अडचण येथें आहे, आणि बहुतेकांनीं ती टाळलेली आहे. नाटक-सिनेमांनीं ख्रिस्ती पात्रास एक ठराविक मोडकी बोली चिकटवून ठेवली. तिच्यांत व्याकरण बिघडवून लोकांना हंसवावयाचें असतें. तशी बोली वसईच्या वाडींत कोणीहि बोलत नाहीं. उलटपक्षीं सावध लेखक आजीच्या तोंडीं छापील पुणेरी मराठी घालतात, म्हणजे तिचा आवाजच काढून घेतात. माडगूळकरांनीं माणदेशी माणसांस त्यांच्या तोंडची भाषा दिली, कारण ती त्यांच्या स्वतःच्या कानांत होती. तीन दिवस वसईस राहून कादोडी कानांत बसणार नाहीं. बोलीचे चार शब्द आणून ते तिरप्या टायपांत छापणें व खालीं अर्थ देणें, ही पद्धत तर आम्हांस सर्वांत नापसंत. तीत म्हातारी पदार्थसंग्रहालयांतल्या वस्तूसारखी दिसूं लागते.

कुपारी मंडळींपैकीं कांहीं जण आतां आपल्या बोलींत स्वतःच लिहूं लागले आहेत. त्यांच्याकडून आमची एक अपेक्षा आहे. आजवर पाहुण्यानें यजमानाचें चित्र काढलें. आतां यजमानानें पाहुण्याचें काढावें. घाटावरचा तो सुशिक्षित गृहस्थ अंगणांत उभा आहे, पाण्याचा तांब्या त्याच्या हातीं दिलेला आहे, आणि तो घरांतल्या भिंतीवरची तसबीर पाहून घेत आहे. पाणी पिण्यापूर्वीं तो क्षणभर थांबला कीं थांबला नाहीं, सुकेळ्यांचा भाव करतांना त्याचा आवाज कसा झाला, जातांना आजीस त्यानें नमस्कार केला तो कोणत्या कारणानें, हें सारें म्हातारीच्या नातवानें पाहिलेलें असणारच. तें लिहिलेलें अद्याप आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.